वॉकी-टॉकीचे बटण दाबण्याआधी

पनवेलहून निघालेली गाडी पेण सोडते आणि कासू, नागोठणे, निडी अशी लहान स्थानके घेत रोह्याला पोहोचते. पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आणि रोहा म्हटले की कुंडलिका नदी, एवढीच या टापूची ओळख मुंबई-पुण्याच्या वाचकाला असते. प्रत्यक्षात पेण तालुक्यात डोलवीचा अवाढव्य पोलाद कारखाना आहे, नागोठण्याला पेट्रोरसायन संकुल आहे, रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत आहे. खुद्द रोहा हे मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होण्याचे ठिकाण. या चारही ठिकाणी कामावरच्या माणसाच्या कमरेला किंवा खांद्याला एक वस्तू हमखास दिसते. ती म्हणजे वॉकी-टॉकी.

प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, तरी या जुन्या यंत्राची गरज संपलेली नाही. मोबाइलवर क्रमांक लावावा लागतो, समोरच्याने तो उचलावा लागतो, आणि जवळच्या मनोऱ्याची यंत्रणा चालू असावी लागते. वॉकी-टॉकीत एक बटण दाबले की त्या चॅनलवरच्या सर्वांना आवाज एकाच वेळी पोहोचतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी घडवलेल्या या यंत्राचे हेच मर्म आहे आणि त्याचा धोकाही त्यातच आहे. यंत्र इतके सोपे आहे, की ते शिकवावे लागते असे कोणाला वाटत नाही. नव्या कामगाराच्या हाती संच दिला जातो, ‘हे दाबून बोल’ एवढे सांगितले जाते आणि प्रशिक्षण संपते.

वास्तविक रेल्वेच्या यार्डात, क्रेनखाली आणि वायूच्या टाकीजवळ दिसायला अगदी सारखा असलेला संच तीन वेगवेगळ्या प्रकारे वागवावा लागतो. एका जागी जो सुरक्षित, तो दुसऱ्या जागी घातक ठरू शकतो.

आधी बोलण्याविषयी. टेलिफोनवर दोघांना एकाच वेळी बोलता आणि ऐकता येते. वॉकी-टॉकीत बटण दाबलेले असेपर्यंत संच केवळ बोलतो, त्या वेळी तो बहिरा असतो. बटण सोडले की तो केवळ ऐकतो. एकाच चॅनलवर दोघांनी एकदम बटण दाबले, तर ऐकणाऱ्याला बहुधा नुसती खरखर किंवा शिट्टी ऐकू येते. बोलणाऱ्या दोघांना मात्र आपला निरोप पोहोचलाच नाही याचा पत्ताही नसतो.

याची जगाने मोजलेली सर्वांत मोठी किंमत म्हणजे २७ मार्च १९७७ चा टेनेरिफचा अपघात. कॅनरी बेटांवरच्या त्या विमानतळावर दाट धुके होते. एकाच धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमाने होती आणि त्यांपैकी एक उड्डाणाच्या तयारीत होते. नियंत्रण कक्षाने त्याला थांबून राहण्यास सांगितले, त्याच क्षणी दुसऱ्या विमानाने ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे कळवले. दोन्ही निरोप एकमेकांवर आदळले. उड्डाण करणाऱ्या विमानात ऐकू आला तो एक कर्कश आवाज. टकरीत ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. अपघाताला इतरही कारणे होती. तरीही त्यानंतर हवाई वाहतुकीतील बोलण्याची शब्दावली कडक करण्यात आली आणि सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखविण्यावर भर देण्यात आला.

कारखान्यात हाच धडा साध्या रूपात लागू पडतो. बटण दाबावे, एक क्षण थांबावे, मग बोलावे. बोलून झाल्यावरही क्षणभर थांबून बटण सोडावे. आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव किंवा जागा, मग आपली ओळख आणि नंतर निरोप, असा क्रम ठेवावा. ऐकणाऱ्याने नुसते ‘हो’ न म्हणता निरोप परत म्हणून दाखवावा. कामाच्या घाईत हे सारे वेळखाऊ वाटते, पण त्यात जेमतेम चार-पाच सेकंद जातात.

याला मराठीपुरती एक खास पुस्ती जोडावी लागेल. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘व्हॉल्व्ह उघडू नका’ म्हणताना बोट क्षणभर आधी उचलले गेले, तर पलीकडे ‘व्हॉल्व्ह उघडू’ एवढेच पोहोचते आणि निरोपाचा अर्थ नेमका उलटा होतो. त्यामुळे रेडिओवर नकारार्थी सूचना टाळलेली बरी. ‘व्हॉल्व्ह बंद ठेवा’, ‘जागेवर थांबा’ अशी होकारार्थी वाक्ये अर्धवट तुटली तरी निदान विपरीत अर्थ देत नाहीत. आकड्यांचेही तसेच. खरखरीत ‘सहा’ आणि ‘दहा’, ‘सात’ आणि ‘साठ’, ‘एकोणतीस’ आणि ‘एकोणचाळीस’ यांत फरक करणे कठीण असते. टाकी क्रमांक एकोणतीस म्हणण्याऐवजी ‘दोन-नऊ’ असे सुटे अंक उच्चारावेत. शिवाय आजच्या कारखान्यात पाळीवर आगरी बोलणारा ऑपरेटर असतो, तसा ओडिशाचा रिगर आणि बिहारचा वेल्डरही असतो. ‘घे’, ‘सोड’, ‘थांब’ या शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या लेखी एकच आहे ना, याची खातरजमा काम सुरू होण्यापूर्वी करावी, भार हवेत लटकत असताना नव्हे.

क्रेनच्या कामात तर रेडिओ हाच चालकाचा डोळा असतो. भार इमारतीआड गेला की त्याला दिसत काहीच नाही. अशा वेळी त्या कामासाठी स्वतंत्र चॅनल राखून ठेवावा आणि सूचना देणारा माणूस एकच असावा. अपवाद फक्त ‘थांब’ या शब्दाचा. तो कोणीही उच्चारावा आणि चालकाने तो निमूट पाळावा. सूचना देणाऱ्याने भार हलत असेपर्यंत सलग बोलत राहावे. आवाज तुटला, की चालकाने काम थांबवावे. शांतता म्हणजे ‘सर्व ठीक आहे’ असे गृहीत धरणे हीच सर्वांत धोक्याची सवय होय, कारण मेलेली बॅटरीही शांतच असते.

रेल्वेत शंटिंग करताना तत्त्व हेच. लांबलचक मालगाडी मागे ढकलताना इंजिनातल्या लोको पायलटला शेवटचा डबा दिसत नाही. मागे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याचा आवाज थांबला, तर गाडीही थांबली पाहिजे. लोको पायलट आणि गार्ड (२०२२ पासून ज्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) यांच्याकडे वॉकी-टॉकी असतात, पण ते सिग्नलची जागा घेत नाहीत. सिग्नल लाल असेल तर रेडिओवरचे ‘चला’ निरर्थक आहे. रुळांलगत चालणाऱ्याने दोन्ही कानांत इअरफोन घालू नयेत, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगावे लागते.

आता वायूकडे वळू. ५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याच्या संकुलात, जे त्या वेळी इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारी कंपनीचे होते, वायुगळती होऊन भीषण स्फोट झाला आणि ३० हून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेचा वॉकी-टॉकीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण हवेत मिसळलेला ज्वालाग्राही वायू काय करू शकतो, हे या परिसराने सोसलेले आहे. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. तो खड्ड्यांत, गटारांत, पाइपांच्या चरांत साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते साडेनऊ टक्क्यांच्या दरम्यान असले, की ठिणगीचीच काय ती वाट असते. ती ठिणगी किती लहान पुरते? प्रोपेनला सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. हायड्रोजनला त्याच्याही दहाव्या हिश्शाहून कमी. हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना जी चटचट होते, तीदेखील याहून अधिक ऊर्जेची असू शकते.

साध्या वॉकी-टॉकीत अशी ठिणगी पडण्याच्या जागा अनेक आहेत. बटणाचा संपर्क, बॅटरीची टोके, चार्जिंगचे उघडे पितळी ठिपके, संच हातातून पडून बॅटरी सुटणे. म्हणून ज्वालाग्राही वायूच्या क्षेत्रात ‘इन्ट्रिन्सिकली सेफ’ म्हणून प्रमाणित केलेलेच संच वापरावे लागतात. कामगारांच्या बोलीत ‘आयएस सेट’. या संचातील विद्युतमंडलाची ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवलेली असते, की बिघाड होऊन ठिणगी पडली तरी ती वायू पेटवण्यास अपुरी ठरावी. भारतात स्फोटक वातावरणासाठीच्या अशा उपकरणांना मान्यता देण्याचे काम पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना करते. तिचे मुख्यालय नागपुरात आहे.

संचाच्या पाठीवरची पट्टी वाचण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही. तिच्यावरची ‘आयआयए’, ‘आयआयबी’, ‘आयआयसी’ ही अक्षरे वायूंचे गट सांगतात. पहिला गट प्रोपेनसारख्या वायूंचा, दुसरा इथिलीनचा, तिसरा हायड्रोजन आणि अ‍ॅसिटिलीनचा. पुढच्या गटासाठी प्रमाणित संच मागच्या गटात चालतो, उलट मात्र चालत नाही. ‘टी४’ या खुणेचा अर्थ बिघाड झाला तरी संचाचा पृष्ठभाग १३५ अंश सेल्सिअसच्या वर तापणार नाही असा असतो. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. प्रक्षेपित होणाऱ्या रेडिओलहरींमुळेही जवळच्या धातूच्या सांगाड्यात प्रवाह निर्माण होऊन ठिणगी पडू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांत प्रक्षेपणाच्या शक्तीवरही मर्यादा आहेत आणि हायड्रोजनच्या गटासाठी ती २ वॅट आहे. रेल्वेत किंवा पोलिसांत सर्रास वापरला जाणारा ५ वॅटचा संच तिथे नेणे म्हणूनच अयोग्य.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे संच कायमचा सुरक्षित झाला, असेही नाही. बाजारातली स्वस्त बॅटरी बसवली, की प्रमाणपत्र बाद. गावातल्या दुकानात खोलून दुरुस्त केला, की बाद. आवरणाला तडा गेला किंवा पट्टीच वाचता येईनाशी झाली, तरी तो संच त्या क्षेत्रात नेता येत नाही. आणि प्रमाणित असला तरी बॅटरी बदलणे किंवा चार्ज करणे हे काम क्षेत्राबाहेरच करायचे. बाहेरून येणारे कंत्राटदार आपापले संच घेऊन येतात आणि खरी गोम तिथे असते. प्रवेशद्वारावर काडेपेटी आणि मोबाइल काढून घेणारा सुरक्षारक्षक वॉकी-टॉकीला कंपनीचीच वस्तू समजून आत सोडतो. कामाच्या परवान्यावर संचाच्या प्रमाणपत्राचा रकाना असेल, तर हा प्रश्न दारातच सुटतो.

याच जातीचा आणखी एक धोका सुरुंगाच्या कामात असतो. विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरच्या तारा अँटेनासारख्या वागू शकतात. जवळ रेडिओचे बटण दाबले, तर त्यांत प्रवाह निर्माण होण्याची शक्यता असते. दगडखाणीत किंवा बोगद्यात सुरुंग भरताना संच बंद ठेवून ठरवून दिलेल्या अंतराबाहेर नेले जातात ते यासाठीच. कारखान्याच्या नियंत्रण कक्षातही पॅनेलचे दार उघडे असताना शेजारी उभे राहून बटण दाबू नये. आतील संवेदनशील उपकरणे चुकीची नोंद देऊ शकतात आणि एखादे यंत्र विनाकारण बंद पडू शकते.

शरीरावरील परिणामांबाबत भीती आणि बेफिकिरी अशी दोन्ही टोके आढळतात. वॉकी-टॉकी लहरी सोडतो तो केवळ बटण दाबलेले असताना. संच तोंडापासून सुमारे अडीच ते पाच सेंटिमीटर अंतरावर उभा धरावा, अँटेना डोळ्यांपासून दूर ठेवावा आणि एकूण वेळेच्या निम्म्याहून अधिक काळ बोलत राहू नये, असे बहुतेक उत्पादक सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले, म्हणजे पुरावा मर्यादित आहे. त्याहून निश्चित हानी होते ती कानांची. गोंगाटात ऐकू यावे म्हणून इअरपीसचा आवाज पूर्ण वाढवून आठ-आठ तास काम करणाऱ्याची श्रवणशक्ती हळूहळू खालावते आणि ते त्याच्या घरच्यांना आधी जाणवते.

रायगडात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात खाडीची खारट हवा. बॅटरीच्या टोकांवर हिरवट गंज चढतो आणि पूर्ण चार्ज दिसणारा संच ऐन वेळी मान टाकतो. पाळी सुरू होताना दुसऱ्या संचाशी बोलून खात्री करणे हा त्यावरचा साधा उपाय. सुटी लिथियम बॅटरी किल्ल्या आणि नाण्यांसह खिशात टाकू नये. टोके जुळून ती तापते, प्रसंगी पेटतेही. खिशात दाबून बसलेले बटण हाही नेहमीचा उपद्रव. एकाचे बटण अडकले, की साऱ्या पाळीचा चॅनल मुका होतो. सलग बोलण्याची मर्यादा ठरवणारी सोय बहुतेक व्यावसायिक संचांत असते, पण ती चालू करून घ्यावी लागते.

राहता राहिला कायदा. भारतात बिनतारी संच वापरण्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परवानगी लागते. याला एक सवलत आहे. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्प शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही, मात्र त्या संचाच्या नमुन्याला विभागाची मान्यता असावी लागते. संकेतस्थळांवर दोन-तीन हजारांत मिळणारे अनेक संच या पट्ट्याबाहेरही बोलू शकतात. पोलीस किंवा आपत्कालीन यंत्रणांच्या बोलण्यात त्यांचा व्यत्यय येऊ शकतो. अशा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून, संच कोणत्या पट्ट्यात चालतो आणि त्याला परवाना लागतो का, हे विक्रेत्याने जाहिरातीतच सांगणे अपेक्षित आहे. कारखान्याच्या भांडार विभागाने खरेदीच्या वेळी मान्यतेची ही प्रत मागून घ्यावी आणि वायूच्या क्षेत्रात जाणाऱ्या संचांसाठी स्फोटसुरक्षेचे प्रमाणपत्र वेगळे मागावे. ही दोन कागदपत्रे भिन्न आहेत आणि एक असल्याने दुसऱ्याची गरज भागत नाही.