विमा खाटेला मिळाला, तपासणीला नाही

बीपी आणि शुगरचा त्रास असलेल्या माणसाला सरकारी विम्यावर तपासणारा एमडी फिजिशियन आपल्याच तालुक्यात शोधायला निघालो, की योजनेशी जोडलेल्या (अंगीकृत) रुग्णालयातला मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, आधी विचारतो, ‘पेशंट अॅडमिट आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर योजनेचा संबंध तिथेच संपतो.

या योजनेची आधीची आवृत्ती असलेली जीवनदायी योजना 1997 साली आली ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी, हृदय, मेंदू, मूत्रपिंडाच्या खर्चिक उपचारांपुरती. जुलै 2012 मध्ये गडचिरोली, नांदेड, सोलापूर, धुळ्यासह आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेली. पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर वर्षाला दीड लाखाचं संरक्षण, 971 उपचार. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं, 2020 मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. 2023 च्या निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर, उपचार 1356 वर गेले आणि राज्यातली सगळीच कुटुंबं तिच्यात आली. एरवी बायपाससाठी जमीन विकावी लागणाऱ्या घरांना याचं मोल ठाऊक आहे.

तरी त्या लांबलचक यादीत फिजिशियनची ओपीडी कधी आलीच नाही. पक्षाघात होऊन माणूस दाखल झाला, की योजना उभी राहते. आधीची कित्येक वर्षं बीपी आटोक्यात ठेवणाऱ्या डॉक्टरची फी, रक्ताच्या तपासण्या, महिन्याच्या गोळ्या मात्र घरानेच भरायच्या. पैसे नसले की आधी गोळ्या थांबतात. सरकारी दवाखान्यात जावं, तर ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. पण ग्रामीण भागात फिजिशियनची पदं अनेक ठिकाणी रिकामी असतात.

याहून वेगळी रीत मुंबईच्या गिरणगावाने पाहिली आहे. राज्य कामगार विमा योजना मुंबईत 1954 मध्ये आली. कामगार वस्तीतल्याच पॅनेल डॉक्टरकडे नाव नोंदवायचा आणि नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर डॉक्टरला ठरावीक रक्कम मिळायची. हे डॉक्टर बहुतेक जनरल प्रॅक्टिशनर. आजार अवघड वाटला की चिठ्ठी देऊन तज्ज्ञाकडे पाठवायचे. औषधांच्या दर्जाबद्दल तक्रारी होत्या, रांगा होत्या. पण खोकला, ताप, वाढलेलं बीपी घेऊन जायला चाळीजवळ विम्याचा एक दवाखाना होता, आणि तिथे जायला आधी अॅडमिट व्हावं लागत नव्हतं. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, नोंदलेले कामगार पांगले. योजना आजही आहे, पण महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या नोंदणीकृत नोकरदारांपुरती. शेतमजूर, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई तिच्याबाहेरच.

म्हणून सरकारकडे मागणं एवढंच : उपचारांच्या यादीत आणखी शस्त्रक्रिया घालण्याआधी तालुक्यातल्या खासगी फिजिशियनना नोंदलेल्या रुग्णामागे रक्कम द्या आणि बीपी, मधुमेहाची ओपीडी व औषधं योजनेत घ्या.