न सांगितलेलं दुखणं

लालबागला माझ्या थोरल्या आत्याची दहा बाय बाराची खोली होती. दर गणपतीला कणकवलीजवळच्या गावी जायचा तिचा नेम. एका वर्षी तिने तो अचानक मोडला. 'गर्दी सोसत नाही आता,' म्हणाली. मग मंगळवारचं भजन सुटलं, हळदीकुंकवाला जाणं सुटलं. घरात सगळ्यांनी ते वयावर ढकललं. एका दुपारी गॅलरीत तांदूळ निवडताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अंग बाहेर येतं गं माझं. आणि खोकला आला की लुगडं ओलं होतं." कधीपासून, विचारलं. "धाकट्याच्या बाळंतपणापासून." धाकटा तेव्हा चाळिशीला आला होता.

मी डॉक्टर नाही. गिरणगावातल्या स्त्रियांच्या आयुष्याचा अभ्यास हे माझं काम. पण त्या दुपारनंतर वाचायला लागले, जाणकारांना विचारू लागले, तेव्हा एक गोष्ट कळून मी चकित झाले. आत्या ज्या दुखण्याविषयी चाळीस वर्षं गप्प होती, त्यावरचं जगाने दखल घेतलेलं काम तिच्या चाळीपासून बसने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर झालेलं होतं.

आधी दुखणं समजून घेऊ. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव या झोळीवर विसावतात आणि अस्थिबंधांनी वरून धरलेले असतात. मूत्रमार्ग, योनी आणि गुदद्वार या तीन वाटा तिच्यातूनच बाहेर पडतात. म्हणजे झोळीला दोन कामं: वजन पेलायचं आणि वाटा वेळेवर मिटायच्या, वेळेवर उघडायच्या. बाळंतपणात बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूंचा काही भाग मूळ लांबीच्या सुमारे तिप्पट ताणला जातो. बहुतेकींचा तो पुन्हा सावरतो. पण लागोपाठ बाळंतपणं, अडलेली प्रसूती, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, जड ओझी आणि पाळी गेल्यानंतर घटणारं इस्ट्रोजेन यांतलं काही ना काही साठत गेलं की झोळी सैल पडते. गर्भाशय खाली सरकतं. त्यालाच आपण 'अंग बाहेर येणं' म्हणतो. मूत्रमार्गाचा आधार सैल झाला तर शिंकताना, हसताना, कळशी उचलताना लघवी सुटते. मूत्राशयच उतावीळ झालं असेल तर मोरीपर्यंत पोचायच्या आत कळ अनावर होते. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे.

आता मुंबईकडे येऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अंग बाहेर येण्यावर इंग्लंडमधून आलेली मँचेस्टर शस्त्रक्रिया प्रचलित होती. तिच्यात गर्भाशयाच्या मुखाचा भाग कापून टाकत. मुलंबाळं झालेल्या प्रौढ बाईला ते चालून जाई. पण इथल्या रुग्णालयांत येणाऱ्या अनेकजणी विशी-पंचविशीच्या असत, आणि मूल होण्याची शक्यता गेली की घरातलं त्यांचं स्थानही डळमळे. गर्भाशय राखून, पुढच्या बाळंतपणाची वाट मोकळी ठेवून ते वर कसं टांगायचं, हा प्रश्न इथल्या शल्यविशारदांपुढे होता.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी त्याला एक उत्तर दिलं. १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोडा गावी जन्मलेले शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले. गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या मुखाला घालायचा त्यांचा टाका १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि 'शिरोडकर टाका' म्हणून जगभर गेला. १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. मात्र त्यांची 'स्लिंग', म्हणजे झोळीची शस्त्रक्रिया, वैद्यकाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या मागच्या बाजूला पट्टी शिवायची आणि ती पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या कडेला बांधायची, ही तिची मूळ कल्पना. सुरुवातीला ही पट्टी रुग्णाच्याच मांडीच्या आवरणातून घेत, पुढे कृत्रिम धाग्याची फीत आली. गर्भाशय त्यामुळे नैसर्गिक दिशेनेच वर राहतं. पण काम जोखमीचं: मूत्रवाहिनी, मोठं आतडं आणि मोठ्या रक्तवाहिन्या अगदी हाताशी असतात.

दुसरं उत्तर पुरंदऱ्यांचं. गिरगाव चौपाटीच्या रस्त्याला डॉ. ना. अ. पुरंदरे मार्ग म्हणतात. त्या रस्त्यावरून विसर्जनाला गेलेल्या किती जणांना हे नाव एका प्रसूतितज्ज्ञाचं आहे हे माहीत असेल? याच कुटुंबातल्या डॉ. बी. एन. पुरंदरे यांच्या पद्धतीत पोटाच्या पुढच्या स्नायूंच्या आवरणातून दोन पट्ट्या काढून गर्भाशयाच्या मुखाला पुढून जोडतात. यातली युक्ती मला फार आवडली. बाई खोकते तेव्हा आतला दाब गर्भाशयाला खाली ढकलतो. पण त्याच क्षणी पोटाचे स्नायूही आवळतात आणि पट्ट्या गर्भाशयाला वर ओढतात. उणीव अशी की गर्भाशय पुढे ओढलं गेल्याने मागची जागा मोकळी राहते आणि तिथून आतडं खाली उतरू शकतं. पुढे खन्ना, सूनावाला, जोशी, विरकुड अशी आणखी नावं या मालिकेत आली. स्त्रीरोगशास्त्राच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत झोळीच्या शस्त्रक्रियांची ही यादी आजही सापडते.

हे सगळं घडत होतं तेव्हा गिरणगावात काय चाललं होतं? परळला १९२६ मध्ये के.ई.एम. आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं. गिरणीतल्या बायकांना जवळ बाळंतपणाची सोय झाली. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभ कायदा झाला. विधिमंडळात त्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. बाळंतिणीला पगारासह विश्रांती, हा खरं तर या झोळीवरचा पहिला उपाय. पण कायदा गिरणीच्या फाटकापाशी थांबायचा. माझी आत्या खानावळ चालवायची. चौदा माणसांचे डबे, नळावरून पाणी, आणि बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी पुन्हा चुलीपुढे. तिला कुठला कायदा?

त्यात चाळीची रचना. मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, बाहेर पुरुषांची रांग. बायका लघवी तुंबवून धरायला शिकतात, मग पाणीच कमी पितात. त्याने लघवी घट्ट होते, संसर्गाला निमंत्रण मिळतं आणि मूत्राशयाच्या सवयी बिघडतात. दादरच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या भाजीवालीचं गणित आजही हेच आहे. 'राइट टू पी' ही मुंबईतली चळवळ २०११ पासून याच हक्कासाठी उभी राहिली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारण्याबाबत महापालिकांना निर्देश दिले. स्वच्छतागृह हासुद्धा मूत्राशयाच्या आरोग्याचाच भाग आहे.

आज या दुखण्यांसाठी स्त्रीरोग आणि मूत्ररोग यांना जोडणारी स्वतंत्र शाखा आहे. अमेरिकेत तिला २०११ मध्ये अधिकृत उपविशेषतेचा दर्जा मिळाला. तिथे उपचाराची सुरुवात सुरीने होत नाही. आधी तीन दिवसांची नोंदवही: किती पाणी, किती चहा, किती वेळा लघवी, कधी सुटली. मग झोळीचा व्यायाम. अमेरिकन डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी तो १९४८ मध्ये मांडला. वायू अडवताना आवळतो तेच स्नायू आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, पोट आवळायचं नाही. अनेकजणी उलट खाली जोर देतात, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं. उतावीळ मूत्राशयाला दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवून वळण लावतात, गरज पडली तर औषध देतात. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रबरी किंवा सिलिकॉनची कडी, म्हणजे पेसरी, मिळते. शस्त्रक्रिया त्यानंतर. आणि तिथेही सावधपणा हवा: योनीमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळ्यांची अंग बाहेर येण्यासाठीची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये थांबवली.

आत्याला मी पहिल्यांदा ज्या दवाखान्यात नेलं, तिथे 'या वयात असं व्हायचंच' असं ऐकून आम्ही परतलो. परतताना ती मला म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" दुसऱ्या ठिकाणी न्यायला मला चार महिने तिची मनधरणी करावी लागली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आधी बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, यामुळे काय काय करायचं सुटलं?" हा प्रश्न तिला चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. घरातल्या आम्हीही नाही. तिला कडी बसवली, व्यायाम शिकवला. लघवी सुटणं पूर्ण थांबलं नाही, कमी झालं.

त्या वर्षी गणपतीला ती गावी गेली. एस.टी.त खिडकीजवळची जागा धरून बसली आणि पनवेल सोडायच्या आत पाण्याची अख्खी बाटली तिने संपवली.