एक देणगी आणि तीन पावत्या



गेल्या जून महिन्यात उपासनेनंतर आवारात चहा घेत उभा होतो, तेव्हा मंडळीतल्या एका मावशींनी मला बाजूला बोलावले. त्या निवृत्त परिचारिका आहेत आणि पेन्शनमधून दर महिन्याला आपल्या वसतिगृहासाठी ठराविक रक्कम पाठवतात. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "हे बघ बाळा, पैसे मी एकदाच पाठवले आणि पावती तीनदा आली. तीनदा कापले का माझे पैसे?"

पासबुक त्यांनी आधीच भरून आणले होते. पैसे एकदाच गेले होते. पण मावशींचे तेवढ्याने समाधान झाले नाही. "पैसे एकदा आणि पावत्या तीन. उद्या हिशेब तपासणारे विचारतील, तर कार्यालय काय सांगणार?"

प्रश्न रास्त होता, आणि उत्तर देण्याची जबाबदारी माझीच होती. कंपन्यांसाठी ईमेल आणि एसएमएस पाठवणाऱ्या यंत्रणा बांधण्याचे काम मी पुण्यात 14 वर्षे करतो आहे. आपल्या कार्यालयाची लहानशी व्यवस्थाही सुट्टीच्या दिवशी बसून मीच लावून दिली होती. मावशींना जे तोंडी सांगितले ते सर्वांसाठी लिहून द्या, असे संपादकांनी सुचवले, म्हणून हा लेख.

आधी त्या तीन पावत्यांचे सांगतो. ऑनलाइन देणगी आली की पैसे स्वीकारणारी सेवा आपल्या सर्व्हरला निरोप देते, "अमुक क्रमांकाचा व्यवहार पूर्ण झाला." आपल्या सर्व्हरने ठराविक सेकंदांत "मिळाले" अशी पोच द्यायची असते. मी प्रोग्राम असा लिहिला होता की निरोप आला की पावती तयार करायची, ती ईमेलने पाठवायची आणि मग पोच द्यायची. एरवी हे सगळे क्षणात होई. त्या दिवशी ईमेलचा सर्व्हर रेंगाळला, त्यामुळे पोच उशिरा गेली. पैसे स्वीकारणाऱ्या सेवेला वाटले निरोप पोहोचलाच नाही. तिने तो पुन्हा पाठवला, मग आणखी एकदा. माझ्या भाबड्या प्रोग्रामने प्रत्येक निरोपाला नवी देणगी समजून नवी पावती फाडली.

इथे दोन चुका होत्या, आणि अशा यंत्रणेची सगळी रचना या दोन चुका टाळण्याभोवतीच उभी असते.

पहिली चूक म्हणजे, पोच देण्याआधी मी सगळे काम उरकायला बसलो. आपण पत्र पोस्टाच्या पेटीत टाकतो आणि घरी येतो. ते नंदुरबारला पोहोचेपर्यंत पेटीजवळ उभे राहत नाही. संदेशयंत्रणेतही अशी पेटी असते. तिला आम्ही क्यू म्हणतो, म्हणजे रांग. निरोप आला की वहीत नोंद करायची, रांगेत चिठ्ठी ठेवायची आणि लगेच पोच द्यायची. रांगेच्या दुसऱ्या टोकाला वर्कर नावाचे वेगळे प्रोग्राम बसलेले असतात. ते एकेक चिठ्ठी उचलून पाठवण्याचे काम करतात. ईमेलचा सर्व्हर बंद असला तर चिठ्ठी रांगेतच राहते, हरवत नाही. वर्कर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो: आधी एका मिनिटाने, मग दोन, मग चार, असे अंतर वाढवत. बंद दारावर सतत थापा मारण्यात अर्थ नसतो. ठरलेल्या प्रयत्नांनंतरही जमले नाही तर चिठ्ठी वेगळ्या खणात जाते आणि तो खण रोज माणसाने पाहायचा असतो. अनुभव सांगतो की हा खण पाहायला सगळेच विसरतात.

दुसरी चूक ओळख न पटवण्याची. निरोप पाठवला आणि पोच आली नाही, तर निरोप हरवला की पोच हरवली हे पाठवणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. मग त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात. पुन्हा पाठवायचे नाही, म्हणजे काही निरोप कायमचे बुडतील. किंवा पुन्हा पाठवायचे, म्हणजे काही निरोप दोनदा येतील. पैशाच्या बाबतीत दुसराच मार्ग धरतात, आणि दोनदा आलेले ओळखण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक असतो. तो आपल्या वहीत आधीच असेल तर नवी पावती फाडायची नाही, फक्त "मिळाले" म्हणायचे. ही तपासणी मी लिहिलीच नव्हती. आता लिहिली आहे.

रांगेपासून पुढे ईमेलची आणि एसएमएसची वाट वेगळी होते.

ईमेल आजही ज्या पद्धतीने एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जातो, तिचे नियम 1982 साली लिहिले गेले. त्यांत पाठवणाऱ्याच्या नावाची खातरजमा नव्हती. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसे. ती उणीव पुढे तीन पुरवण्यांनी भरून काढली. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने पत्र पाठवण्याची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची लाखेची मोहोर. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे यादी व मोहोर दोन्ही जुळले नाही तर पत्राचे काय करावे, याबद्दल आम्ही दिलेली सूचना. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी त्यांच्याकडे मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या हिशेबाने दिवसाला 5000 हून अधिक) ईमेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले. जाहिरातीच्या व वर्गणीच्या पत्रांत एका टिचकीसरशी नाव काढण्याची सोय द्यावी लागते, आणि "हे स्पॅम आहे" अशा तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. आपण इतके ईमेल कधीच पाठवत नाही, तरी तिन्ही गोष्टी करून ठेवल्या आहेत. म्हणून एक विनंती: त्रैमासिक नको असेल तर कृपया खालच्या दुव्यावरून नाव काढा. "स्पॅम"चे बटण दाबलेत, तर त्याचा फटका दुसऱ्या कोणाच्या पावतीला बसतो.

ईमेल घेणारा सर्व्हर आकड्यांत उत्तर देतो. 4 ने सुरू होणारा आकडा म्हणजे "आत्ता नाही, नंतर या". 5 ने सुरू होणारा म्हणजे "येऊच नका". 550 हा आकडा बहुतेकदा तो पत्ताच नाही असे सांगतो. असा पत्ता वर्ज्य यादीत टाकावा लागतो, कारण मृत पत्त्यांवर पाठवत राहणाऱ्याकडे सगळेच संशयाने पाहू लागतात.

एसएमएसचा जन्म नाताळच्या शुभेच्छेने झाला. 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या जाळ्यातील एका फोनवर पहिला संदेश पाठवला, तो "मेरी ख्रिसमस" असा. त्या एसएमएसचा आकार तेव्हाही 140 बाइट होता आणि आजही तेवढाच आहे. त्यात इंग्रजीची 160 अक्षरे बसतात. मराठीची फक्त 70.

ही 70 सुद्धा आपण मोजतो तशी नव्हेत. "श्री" हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण यंत्र त्यात श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे मोजते. "स्त्री"ची सहा होतात. संदेश 70 च्या वर गेला की त्याचे तुकडे पडतात. ते जोडण्याच्या खुणेला जागा लागते म्हणून प्रत्येक तुकड्यात 67 च उरतात आणि पैसे तुकड्यागणिक द्यावे लागतात. इंग्रजी मजकुरात एकच देवनागरी अक्षर आले, तरी सगळा संदेश 70 च्या मापात पडतो. पाड्यावरच्या पालकांना मराठीतच कळवावे, असे आपल्या कार्यालयाने ठरवले आहे. ते योग्यच आहे, पण "सप्रेम नमस्कार" वगळून थेट मुद्द्यावर येणारे आपले संदेश तुटक का वाटतात, ते यावरून लक्षात यावे.

भारतात आणखी एक नाके आहे. ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार पाठवणाऱ्या संस्थेला, तिच्या संक्षिप्त नावाला आणि संदेशाच्या प्रत्येक साच्याला दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नावाच्या नोंदवहीत आधी मान्यता घ्यावी लागते. साच्यात नाव, रक्कम, तारीख यांच्या रिकाम्या जागा असतात, बाकी मजकूर ठरलेला. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की संदेश वाटेतच अडतो. मार्च 2021 मध्ये ही तपासणी काटेकोरपणे सुरू झाली, तेव्हा देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली होती. ऐन वेळी "जरा वेगळा मेसेज टाका" असे कोणी सांगितले की मी हात जोडतो, त्याचे कारण हे.

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पुण्यातल्या माझ्या सुरुवातीच्या नोकरीतली आहे. आमच्या यंत्रणेवर एक कापडदुकान होते आणि एक रुग्णालयही होते. दोघांचे संदेश मी एकाच रांगेत ठेवले होते. तेव्हा मला ते सोपे आणि नीटनेटके वाटले. दिवाळीच्या तोंडावर दुकानाने सवलतीचे तीन लाख संदेश सोडले. त्यांच्या मागे रुग्णालयाचे चाळीस-एक संदेश उभे राहिले: "उद्या डॉक्टर नाहीत, पुढील मंगळवारी यावे." ते दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. तोवर मोखाड्याकडचा एक बाप तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन पहाटेच्या एसटीने त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला आला होता. दाराला कुलूप होते. तो बसस्थानकावर परतीच्या गाडीची वाट पाहत बसला असताना "उद्या डॉक्टर नाहीत" हा संदेश त्याच्या फोनवर वाजला. रुग्णालयाच्या तक्रारीतून हे आम्हाला कळले. मुलाला पुढे दुसरीकडे दाखवले आणि ते बरे झाले, असेही कळले. तो बाप काय म्हणाला, ते मात्र कोणी लिहिले नव्हते.

तेव्हापासून दोन गोष्टी मी कोणत्याही यंत्रणेत आधी पाहतो. एक, तातडीच्या संदेशांची रांग वेगळी आणि तिचे वर्करही वेगळे. जाहिरातीच्या रांगेतले वर्कर तिला मदत करू शकतात, पण तिच्याकडचे कोणी तिकडे जात नाही. दोन, प्रत्येक संदेशावर मुदत. "उद्या" असे लिहिलेला संदेश आज रात्रीपर्यंत गेला नाही तर तो पाठवायचाच नाही. तो वेगळ्या खणात टाकायचा आणि माणसाला फोन करायला सांगायचे. आपल्या कार्यालयात दवाखान्याच्या दिवसाचे आणि वसतिगृहाच्या सुट्टीचे संदेश अशा वेगळ्या रांगेत आहेत. त्रैमासिकाचे ईमेल त्यांच्या वाटेत येत नाहीत.

मुदतीनंतरही एक अडचण राहते. फोन बंद असेल किंवा रेंज नसेल, तर दूरसंचार कंपनीचे केंद्र संदेश काही काळ धरून ठेवते आणि फोन जागा झाला की देते. मग आपल्याकडे "डिलिव्हर्ड" अशी नोंद येते. तिचा अर्थ संदेश फोनपर्यंत गेला, एवढाच. फोन कामावर गेलेल्या मोठ्या भावाच्या खिशात असू शकतो. फोन जुना असेल तर देवनागरीऐवजी नुसते चौकोन दिसू शकतात. बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्याच कोणाला दिला गेलेला असू शकतो, म्हणून आपण एसएमएसमध्ये आजाराचे नाव कधीच लिहीत नाही. दवाखान्याचा दिवस बदलला तर संदेश गेल्यावरही आपले कार्यकर्ते पाड्यावर एकाला तरी फोन करतात. हे वेळखाऊ आहे आणि मी ते बंद करण्याचा सल्ला देणार नाही.

मावशींच्या जादा दोन पावत्या रद्द केल्याची नोंद वहीत आहे, आणि रद्द केल्याचे पत्र त्यांना पाठवले आहे. ईमेलने पाठवू का विचारल्यावर त्या म्हणाल्या, "नको रे बाबा, कागदावर दे. आणि एकच दे."

ज्यांचा फोन क्रमांक किंवा ईमेल पत्ता बदलला असेल, त्यांनी या अंकासोबतचा फॉर्म भरून कार्यालयात द्यावा. जुना क्रमांकही आठवणीने लिहावा, म्हणजे तो यादीतून काढता येईल.