मानवी हक्कांचा अभ्यास : तलवाडा ते पॅरिस

मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास म्हटला की, जिनिव्हाची सभागृहे, राष्ट्राराष्ट्रांचे प्रतिनिधी आणि जाडजूड करारपत्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. हा विषय मुत्सद्द्यांचा व कायदेपंडितांचा. सामान्य गृहस्थास त्याच्याशी काय कर्तव्य, असे वाटणे स्वाभाविक आहे. आजच्या भाषणात मी विषयाची मांडणी उलट बाजूने करणार आहे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात त्वरितादेवीच्या स्थानामुळे प्रसिद्ध असलेले तलवाडा हे गाव आहे. अशा एखाद्या गावात उभे राहून जगाच्या सनदा वाचू लागलो, तर त्यांचा अर्थ कसा लागतो, ते पाहू.

१९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. तेथे सरकारची पूर्वपरवानगी असल्यावाचून जाहीर सभा भरविता येत नसे. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, बंदी घालण्यात आली. आणि त्याच साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. पुढे ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली व १६ सप्टेंबर रोजी पॅरिस येथे ती विचारार्थ आली. या वादात एका बाजूस एक सरकार, दुसऱ्या बाजूस दुसरे. तलवाड्याच्या रहिवाशाला स्वतःच्या नावाने तेथे दाद मागण्याची सोय नव्हती; कारण त्या दरबारात उभे राहण्याचा मान राष्ट्रांचा होता, माणसांचा नव्हे.

यानंतर तीनच महिन्यांनी, १० डिसेंबर १९४८ रोजी, त्याच पॅरिस नगरीत मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, ८ तटस्थ राहिली, विरोधी मत एकही पडले नाही. या जाहीरनाम्याचे खरे महत्त्व हे की, त्याने राष्ट्राऐवजी माणसाला हक्कांचा धनी मानले. त्याच्या पहिल्या कलमातील इंग्रजी मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा शब्दप्रयोग होता. भारताच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता यांनी त्यास हरकत घेतली आणि ‘सर्व मानव’ अशा अर्थाची शब्दयोजना झाली. एका शब्दाने अर्धी मनुष्यजात कलमाच्या आत आली.

हक्कांची ही भाषा पाश्चात्त्यांची आहे, आपल्या मातीतील नव्हे, असा आक्षेप पुष्कळदा ऐकू येतो. महाराष्ट्रापुरते तरी याचे उत्तर सोपे आहे. १८७३ साली महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तेथील सज्जनांस अर्पण केला. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील निग्रो समाजाचे पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, त्या समाजातर्फे संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाच्या प्रती मागविल्या. दूरच्या दुःखाशी आपल्या गावचे दुःख ताडून पाहणे, हीच या अभ्यासाची पद्धती होय. आणि ती आपल्याकडे जाहीरनाम्याच्याही आधीपासून रूढ आहे.

जाहीरनामा कायद्याप्रमाणे बंधनकारक नव्हता. म्हणून १९६६ साली दोन करार झाले : एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. भारत १९७९ साली दोहोंत सामील झाला. ही विभागणी राष्ट्रांच्या सोयीची असली, तरी गावाच्या जीवनात ती टिकत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्या. पाऊस सरला की गावोगावची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतलेली असते; नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. हंगाम संपूनही उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षाचे श्रमही गहाण पडतात. करार स्वखुशीचा होता, असे म्हणता येईल काय? १९३० सालच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याने वेठीचे श्रम निषिद्ध ठरविले. आपल्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने तेच केले. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. १९८२ साली एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. पोटाच्या निकडीने किमान वेतनाहून कमी मजुरीवर पत्करलेले कामही सक्तीचेच होय, असा तो निर्णय आहे. म्हणजे भुकेचा प्रश्न हाच स्वातंत्र्याचाही प्रश्न ठरला.

मायबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाची शाळा सुटते, तेव्हा जाहीरनाम्याचे २६ वे कलम भंगते; गावीच राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढावी लागली, ती याचसाठी. या कामकरी स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा राज्य सरकारने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. आरोग्य, मजुरी, कर्ज आणि स्त्रीत्व या चार वेगळ्या प्रकरणांची तेथे एकाच देहावर गाठ पडते.

तेव्हा अभ्यासकाने क्रम असा ठेवावा : आधी सनदेतील कलम, मग तिला अनुसरणारा देशातील कायदा, मग न्यायालयाचा निर्णय, आणि शेवटी गावातील प्रत्यक्ष स्थिती. जेथे साखळी तुटलेली दिसेल, तेथे दाद मागण्याचे मार्गही ठाऊक हवेत. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. त्याच्याकडे मराठीतूनही, शुल्कावाचून, अर्ज करता येतो. मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत. ही साधी माहिती शहरातील सुशिक्षित कुटुंबांस असली, आणि साखर तयार करणाऱ्या हातांपर्यंत ती त्यांनी पोहोचविली, तर या अभ्यासाचे पुष्कळसे चीज झाले असे म्हणता येईल.