गावकीची खोली आणि पदपथ : मुंबईविषयक मराठी लेखनातील रस्त्याचे दोन अर्थ

साठोत्तरी मराठी साहित्याची चर्चा करताना ‘महानगरीय जाणीव’ ही संज्ञा आपण इतक्या सहजपणे वापरतो की, तिच्या पोटात परस्परांहून अगदी भिन्न असे अनुभव एकत्र कोंबले गेले आहेत, याकडे लक्ष जात नाही. गर्दी, एकाकीपण, तुटलेपण या शब्दांनी मध्यमवर्गीय कवितेचे वर्णन होऊ शकेल. गावाहून पोटासाठी मुंबईत आलेल्या माणसाचे रस्त्याशी असलेले नाते मात्र या शब्दांत मावत नाही. शिवाय हे नाते एकच नाही. कोणाला गावी जमिनीचा तुकडा होता आणि कोणाला नव्हता, यावर त्याचे स्वरूप अवलंबून होते, असे प्रस्तुत लेखात सुचवायचे आहे.

1854 मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. पुढच्या काळात रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून कामगारांचा ओघ सुरू झाला. या ओघाचे वैशिष्ट्य असे की त्यात पुरुष एकटे येत. कोकणातील वा घाटावरील शेत कुटुंबाला पुरत नसे, पण ते सोडवतही नसे. त्यामुळे बायकामुले गावी ठेवून मनिऑर्डर पाठवणारा एक मोठा वर्ग निर्माण झाला. 1921 च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या पाचशेच्या थोडी वर होती, ती यामुळेच. या पुरुषांनी गिरणगावात गावकीच्या खोल्या घेतल्या. एका गावचे वीस-तीस, क्वचित त्याहूनही अधिक पुरुष वर्गणी काढून एक खोली चालवीत. भिंतीकडेला ट्रंका, वर वळकट्या, आणि झोप पाळीप्रमाणे. जेवण खानावळीत, ती चालवणारी बाई बहुधा गिरणी कामगाराच्याच घरातली. (या स्त्रियांचे श्रम अर्थशास्त्राच्या नजरेत फार उशिरा आले. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाद्वारे त्यांना संघटित केले.)

अशा खोलीत माणूस राहत नसे, तो फक्त निजत असे. उरलेला वेळ रस्त्यावर जाई. नाका, चहाचे दुकान, चाळीपुढील मोकळी जागा ही त्याच्या घराची ओसरी होती. नोकरीची खबर, गावची बातमी, भजन, गणपती, संपाची सभा हे सारे तेथेच घडे. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या औद्योगिक भांडवलशाहीवरील 1994 च्या ग्रंथात वस्तीतील या संबंधांना गिरणीतील संबंधांइतकेच महत्त्व दिले आहे, ते योग्यच होय. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात अनेक कामगार गावी परतून तग धरू शकले, त्यामागेही हीच रचना होती.

या ओसरीवजा रस्त्याने स्वतःची साहित्यरूपे घडवली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक 1944 चे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गाजलेली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड म्हणजे गावकीच्या खोलीत निजणाऱ्या पुरुषाचा उद्गार आहे. विरह हा येथे अलंकार नाही. ती एका विशिष्ट स्थलांतराची अर्थव्यवस्था आहे.

पण अण्णा भाऊ स्वतः त्या प्रकारे आले नव्हते. वाटेगावच्या मातंग कुटुंबातला हा मुलगा घरच्या माणसांबरोबर पायी चालत मुंबईला आला. भूमिहीनाचे स्थलांतर असे सहकुटुंब असते, कारण मागे ठेवण्यासारखे काही नसते. आणि गावकीच्या खोलीत कुटुंबाला जागा नसते. जातीची आडकाठी वेगळीच. गिरणीच्या साचेखात्यात धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना तेथे मज्जाव होता. ज्या खात्यात पगार जास्त, तेच दार बंद! बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या कथेत नोकरी मिळालेल्या माणसालाही निवारा हवा तर जात लपवावी लागते. ‘स्मशानातील सोनं’मधील भीमा बायको व मुलीसह उपनगरात राहतो, खाणीतले काम सुटल्यावर चितेची राख चाळतो. विरहाची छक्कड आणि ही कथा एकाच लेखकाची आहे, आणि तिच्यात मैना गावावर राहिलेली नाही, ही गोष्ट आपल्या समीक्षेने पुरेशी ताडलेली दिसत नाही.

नारायण सुर्वे यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. त्यांना सांभाळणारे गिरणी कामगार गंगाराम सुर्वे निवृत्त होऊन कोकणात गेले. सापडलेले मूल असलेला नारायण मुंबईतच राहिला. एकाला परतायला गाव होते, दुसऱ्याला नव्हते. ‘माझे विद्यापीठ’ (1966) या संग्रहाच्या नावातील रस्ता या फरकातून निघाला आहे. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’त (1972) तर ओसरीची आठवणही उरत नाही. तेथे रस्ता हेच घर, बाजार आणि वधस्तंभ असतो. त्या शब्दकळेला केवळ ‘विद्रोही’ म्हणून थांबणे म्हणजे ती कोणत्या जमिनीवर उभी आहे हे न पाहणे होय.

हा भेद राज्यकर्त्यांनाही कळला नव्हता. जुलै 1981 मध्ये, भर पावसात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथावरील रहिवाशांना हटवून आपापल्या गावी पाठवण्याची घोषणा केली. प्रत्येकाला गाव असतेच, हे गृहीतक त्यामागे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 च्या निकालात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात समाविष्ट असल्याचे मान्य झाले, पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य झाला नाही. अर्जदारांपैकी एक जण तमिळनाडूतील सेलमचा भूमिहीन मजूर होता. दुष्काळाने काम गेल्यावर तो 1961 मध्ये मुंबईला आला होता. 1981 मध्ये झोपडी पाडून त्याला बसने सेलमला पाठवण्यात आले. काम शोधीत तो मुंबईला परतला, आणि पुन्हा पदपथावरच राहू लागला.