चार चौकटी, चार व्हिडिओंचं काम

लातूरची गंजगोलाई असो वा नांदेडचं वजिराबाद, दुकानाच्या काउंटरवरच्या एकाच पडद्यावर चार कॅमेऱ्यांची चित्रं चालू असतात. या मांडणीला ग्रिड (चौकटींची जाळी) म्हणतात. चित्र लहान केलं की संगणकावरचा भार तेवढाच कमी होतो, असा समज आहे. तसं होत नाही. १९२० × १०८० बिंदूंचा प्रत्येक व्हिडिओ आधी पूर्ण उलगडावा (डिकोडिंग) लागतो, मग तो लहान होतो. ताटात चतकोरच वाढली, तरी भाकरी अख्खी थापावी लागते. चार भाकरींचे चार चतकोर हवे, तर चारही थापाव्या लागतात. चित्र अडखळत असेल, तर कॅमेऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये ग्रिडसाठी सब-स्ट्रीम (कॅमेऱ्याचा कमी बिंदूंचा दुसरा प्रवाह) निवडा. रेकॉर्डिंग मात्र मेन-स्ट्रीमवरच (पूर्ण बिंदूंच्या मुख्य प्रवाहावर) राहू द्या.