पायरीपाशी अडलेला कायदा

जानेवारी २००१ मध्ये व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले आणि कुतुबमिनारसारख्या वास्तूंमध्ये घाईघाईने लाकडी उतार बसवले गेले. त्यासाठी आग्रह धरला होता जावेद आबिदी यांनी. स्वतः व्हीलचेअर वापरणारे आबिदी अपंगांच्या हक्कांसाठी १९९५ चा कायदा व्हावा म्हणून लढले होते. म्हणजे कायदा होऊन पाच वर्षं उलटली होती, पण उतार आले ते पाहुण्यासाठी! याचं मूळ कायद्याच्याच भाषेत होतं. सोयी करायच्या, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’, असं त्यात म्हटलं होतं. एवढी फट ठेवली की कुवत कधीच पुरत नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले, मुदतीही घातल्या. तरी सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशीसारखे राहिले. अखेर राजीव रतूडी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला बजावलं, की किमान निकष सक्तीचेच हवेत.

‘इथे व्हीलचेअरवरून येतंच कोण? मग खर्च कशाला?’ असं विचारलं जातं. पण पायरी ओलांडता येत नाही, म्हणून तर माणूस येत नाही. त्याची गैरहजेरी हा पुरावा कसा होईल? खर्चाचा मुद्दा जुन्या इमारतींबाबत खरा आहे. नव्या इमारतीत मात्र तो नकाशातच सुटतो. पंधरा सेंटिमीटरच्या पायरीला साधारण एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. त्याहून आखूड केला तर चढण उभी होते आणि चाकं मागे घसरतात.